एक क्रियापद, दोन नद्या

१

तुर्कस्तानच्या पर्यटनाची एक प्रमाण संहिता सिद्ध झालेली आहे. इस्तंबूल, एफेसस, पामुक्काले आणि कापादोकिया हे तिचे चार अध्याय. त्यांचा क्रम प्रसंगी बदलतो, आशय सहसा बदलत नाही. हाया सोफियाचा घुमट, सेल्ससच्या ग्रंथालयाची दर्शनी भिंत, चुन्याच्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्या आणि पहाटे फुग्यातून दिसणारे दगडी सुळके ही या संहितेतील वारंवार उद्धृत होणारी वचने होत. समूहसहलीतील मार्गदर्शक हा तिचा अधिकृत भाष्यकार असतो. कोठे थांबावे, किती वेळ थांबावे आणि थांबल्यावर काय वाटून घ्यावे, हे भाष्याने आधीच ठरविलेले असते.

या व्यवस्थेची मीमांसा पाश्चात्त्य समीक्षेने बरीच केली आहे. डीन मॅककॅनेल यांनी १९७६ साली ‘द टूरिस्ट’ या ग्रंथात प्रेक्षणीय स्थळ, ते पाहणारा आणि त्या स्थळाकडे निर्देश करणारी खूण असा त्रिकोण मांडला. १९८१ मध्ये जोनाथन कलर यांनी पर्यटनाच्या चिन्हमीमांसेवरील आपल्या निबंधात त्यातील पेच अधिक धारदार केला. पर्यटकाला ‘अस्सल’ हवे असते. पण एखादी गोष्ट अस्सल म्हणून ओळखू यावी, यासाठी तिच्यावर तशी खूण असावी लागते. आणि खूण आली की अस्सलपण खुणेच्या मध्यस्थीने मिळालेले ठरते. रुळलेली वाट सोडून जाणारा प्रवासीदेखील या पेचातून सुटत नाही. ‘येथे कोणी येत नाही’ हीसुद्धा एक खूणच असते, आणि तिचा भाव पुष्कळदा इतर खुणांपेक्षा चढा असतो.

हा सिद्धान्त एका मराठीच्या प्राध्यापिकेने पदव्युत्तर वर्गात वर्षानुवर्षे शिकविला. विद्यार्थी त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची अभ्यासपत्रिका त्यांच्याकडे असे, आणि ती शिकविण्याची त्यांची एक रीत विद्यार्थ्यांच्या चांगलीच ध्यानात राहिलेली आहे. एखाद्या नावाजलेल्या प्रवासवर्णनातील पृष्ठ त्या फळ्याशेजारी उभे राहून वाचीत आणि ज्या वाक्यात त्या स्थळी राहणारा माणूस स्वतः काही बोलत नाही, ते वाक्य विद्यार्थ्यांना पेन्सिलीने खोडावयास सांगत. पृष्ठाच्या अखेरीस बहुधा दोनतीन वाक्ये उरत. ती भाडे ठरविण्याची किंवा वाट विचारण्याची असत. “उरलेलं सगळं निसर्गवर्णन,” बाई म्हणत, “माणसं धरून.”

या तिखटपणाचे श्रेय विद्यार्थी एडवर्ड सईद यांच्या १९७८ च्या ‘ओरिएंटॅलिझम’ला देत. बाईंनी त्यांचा हा समज कधी दूर केला नाही. वस्तुतः त्याचे मूळ ग्रंथात नव्हते. बाईंचे गाव भीमेच्या काठी होते. उजनी धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा त्या शाळेत शिकत होत्या. गाव उठले, माळावर नवे गावठाण बसले आणि जुने पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात जलाशय आटला, की पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर पाण्याबाहेर येते. हे मंदिर बाईंच्या गावापासून फार दूर नव्हते. लहानपणी त्या तेथे आईबरोबर पायी जात. नोकरी लागल्यावर एका मे महिन्यात त्या तेथे गेल्या असता काठावर शहरांतून आलेल्या मंडळींची गर्दी होती. त्यांपैकी एकाने कॅमेरा डोळ्याला लावून अत्यंत सभ्यपणे म्हटले, “जरा बाजूला होता का?” बाई बाजूला झाल्या. ज्या चौकटीतून त्या दूर झाल्या ती त्यांच्या गावाची चौकट होती, हे त्या माणसाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यानंतरच्या सर्व व्याख्यानांतून बाई त्या एका वाक्याला उत्तर देत राहिल्या.

२

ऑक्टोबर २०२२ मध्ये, निवृत्तीला वर्ष व्हायच्या आत, बाई एका समूहसहलीबरोबर तुर्कस्तानला गेल्या. चार अध्यायांचे पारायण यथासांग झाले. मंडळी इस्तंबूलहून परत निघाली, आणि बाई मागे राहिल्या. पुढचे दहा दिवस त्यांनी आग्नेय भागातील गाझिआन्तेप या शहरात एक साधी खोली घेऊन काढले. हे शहर का निवडले, याचे त्यांनी घरी दिलेले उत्तर असे, की तेथून एका दिवसात जाऊन येण्याजोगी ठिकाणे पुष्कळ आहेत. हे खरे होते. पण नकाशावर त्यांनी ज्या तीन ठिकाणांभोवती वर्तुळे काढली होती, ती तिन्ही युफ्रेटिस नदीच्या, म्हणजे तेथील भाषेतल्या फरातच्या काठावरची होती. आणि त्या तिन्ही ठिकाणी नदी धरणाने अडविलेली होती.

पहिले ठिकाण बेल्किस. येथे प्राचीन झूग्मा नगर होते. अलेक्झांडरचा सेनापती पहिला सेल्यूकस याने इ. स. पू. ३०० च्या सुमारास वसविलेल्या या नगराला पुढे तेथील नदी ओलांडण्याच्या सोयीवरून हे नाव मिळाले. ‘झूग्मा’ या ग्रीक शब्दाचा अर्थ जोडणारे, सांधणारे, जू. इ. स. २००० मध्ये बिरेजिक धरण भरू लागले, तेव्हा या नगराचा काही भाग पाण्याखाली गेला. त्यापूर्वी आणि त्यादरम्यान घाईघाईने झालेल्या उत्खननात रोमन घरांतील जमिनींवरची कुट्टिमचित्रे उचलून शहरात आणण्यात आली. २०११ मध्ये त्यांच्यासाठी गाझिआन्तेप येथे स्वतंत्र संग्रहालय उघडले. तेथील एका अंधाऱ्या दालनात ‘जिप्सी मुलगी’ या नावाने ओळखला जाणारा चेहरा एकटाच प्रकाशात ठेवलेला आहे. त्या जमिनीचे चोरीस गेलेले काही तुकडे अमेरिकेतील एका विद्यापीठाने २०१८ मध्ये परत केले.

बाईंनी संग्रहालय सकाळी पाहिले आणि दुपारी त्या नदीकाठच्या मूळ जागी गेल्या. तेथे एका मोठ्या छताखाली काही घरे जागच्या जागी जतन केली आहेत, त्यापलीकडे जलाशय. नवसमीक्षेच्या ऐन भराच्या काळात बाई विद्यार्थिनी होत्या. कलाकृती स्वायत्त असते, तिचा संदर्भ तिच्या अर्थाला आवश्यक नसतो, असे त्यांना शिकविले गेले होते आणि परीक्षेत त्यांनी तसे लिहिलेही होते. दालनातील तो चेहरा त्या सिद्धान्ताचा उत्तम दाखला होता. त्याला पाहणाऱ्याकडून काहीच नको होते. नदीकाठी मात्र उलट स्थिती होती. येथे जमीन होती, भिंती होत्या, उंबरे होते. ज्यावर लोक चालत, ती वस्तू सकाळी त्यांनी भिंतीवर टांगलेली पाहिली होती. संदर्भापासून सुटल्यामुळेच ती वाचली, हे निर्विवाद; पण वाचविण्याची ती कृती आणि बुडविण्याची कृती एकाच वेळापत्रकाने चालली होती, हेही तितकेच निर्विवाद.

‘झूग्मा’ हे एका अलंकाराचेही नाव आहे. एकच क्रियापद दोन भिन्न पदांना जुवासारखे जोडते तेव्हा पाश्चात्त्य अलंकारशास्त्र त्याला झूग्मा म्हणते. आपल्याकडे याच्या जवळचा अलंकार दीपक. प्रस्तुत आणि अप्रस्तुत या दोहोंचा एकाच धर्माशी संबंध जोडला, की दीपक होतो. उंबऱ्यावरचा दिवा घर आणि अंगण दोन्ही उजळतो, तसे एकच क्रियापद दोन्हीकडे प्रकाश टाकते. बाईंच्या वहीत त्या दिवसाची नोंद एकाच ओळीची आहे: ‘बुडाले’ हे क्रियापद, कर्ते दोन, प्रस्तुत कोणते?

हा प्रश्न केवळ शास्त्रीय नव्हता. झूग्मा पाहताना भीमा आठवली, तर झूग्मा अप्रस्तुत होते. स्वतःच्या दुःखाला मिळालेले एक दूरदेशीचे, देखणे उपमान एवढीच त्याची पदवी उरते. परक्या भूमीचे असे उपमान करून टाकणे हेच तर बाईंनी इतरांच्या प्रवासवर्णनांत खोडले होते. आपल्या जखमेमुळे आपल्याला सवलत मिळते काय? पीडिताची नजर ही पर्यटकाची नजर नसते, असे मानण्याचा मोह मोठा असतो. बाईंना तो झाला, आणि तो मोह आहे हे त्यांना कळले, एवढेच त्या दिवसाबद्दल म्हणता येते.

३

दुसरे ठिकाण सामसात. यासाठी त्या आधीच्या संध्याकाळी आदियामान येथे मुक्कामाला गेल्या. आदियामानला येणारे बहुतेक प्रवासी नेमरुत पर्वतावर जातात. इ. स. पू. पहिल्या शतकात कोमाजीन राज्याच्या पहिल्या अँटायोकसने तेथे स्वतःसाठी समाधी आणि देवांच्या प्रचंड मूर्ती उभारल्या. त्यांची कोसळून खाली आलेली मस्तके सूर्योदयाच्या वेळी पाहण्याची प्रथा आहे. युनेस्कोने १९८७ मध्ये हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पण ज्या राजाची ही समाधी, त्याची राजधानी सामोसाता होती. आणि ती अतातुर्क धरणाच्या पाण्यात १९८९ मध्ये गेली. समाधीला रोज शेकडो माणसे भेट देतात. राजधानीला भेट देण्याजोगे काही उरलेले नाही.

बाई सकाळी दोल्मुशने निघाल्या. ‘दोल्मुश’ म्हणजे भरलेला. माणसांनी भरल्याशिवाय ही छोटी गाडी निघत नाही. वेळापत्रक नसलेल्या या वाहनाची व्यवस्था समजावून घ्यायला बाईंना क्षणही लागला नाही, कारण आमच्या भागातील वडापची व्यवस्था हीच. मागच्या बाकावरून पैसे हातोहात पुढे जातात, सुटे तसेच मागे येतात. सामसात हे नवे, सरळ रस्त्यांचे गाव आहे. ते जलाशयाच्या काठी बसविलेले आहे. नव्या गावठाणांना सर्वत्र एकच चेहरा असतो: रस्ते गरजेपेक्षा रुंद, झाडे रस्त्यांपेक्षा लहान.

लुशियन हा दुसऱ्या शतकातील ग्रीक उपरोधकार या सामोसाता गावचा. त्याच्या ‘खरी गोष्ट’ या कृतीत नायक नौकेने चंद्रावर जातो, व्हेलच्या पोटात राहतो, आणि तत्पूर्वी प्रस्तावनेत लेखक वाचकाला बजावतो, की पुढे येणारे सर्व असत्य आहे आणि आपण असत्य सांगतो हे एकच विधान तेवढे सत्य आहे. अद्भुत देश पाहून आल्याचे सांगणाऱ्या प्रवासवर्णनकारांची ही थट्टा. प्रवासवर्णनाचा सर्वांत निर्दय टीकाकार ज्या गावात जन्मला, ते गाव आता वर्णनापुरतेच शिल्लक राहावे, यात एक वक्र न्याय आहे. ‘मी तेथे गेलो आणि पाहिले’ हे प्रवासवर्णनाचे मूळ प्रमाण; सामसातला जाऊन मनुष्य इतकेच प्रामाणिकपणे म्हणू शकतो, की मी तेथे गेलो आणि पाणी पाहिले.

बाई काठावर तासभर बसल्या. त्यांना तेथे विशेष काही वाटले नाही. हे नमूद करणे आवश्यक आहे, कारण प्रवासवर्णनांतून जे नियमाने गाळले जाते ते हेच. पाणी सर्वत्र पाण्यासारखे दिसते. त्याखाली काय आहे हे ठाऊक असलेल्यालाच ते निराळे दिसते, आणि ते ठाऊक असणे ही पुन्हा वाचनातून आलेली खूणच. सामसातचे पाणी पाहून बाईंना लुशियन आठवला, राजधानी आठवली. पण येथे राहणाऱ्या कोणाचे घर आठवणे शक्य नव्हते. परतीच्या दोल्मुशमध्ये त्यांनी वही उघडली आणि स्वतःचे त्या दिवसाचे लेखन पेन्सिलीने तपासले. वर्गातला नियम लावल्यावर एकही वाक्य उरले नाही.

४

तिसरे ठिकाण हाल्फेती. गाझिआन्तेपपासून अंतर सुमारे १०० किलोमीटर. बिरेजिकपर्यंत मोठी बस आणि पुढे दोल्मुश. जुने हाल्फेती निम्मे बुडाले आहे. ज्या बिरेजिक धरणाने झूग्मा घेतले, त्यानेच २००० मध्ये या गावाचा खालचा भाग घेतला. वरची दगडी घरे आजही वापरात आहेत. गावातील बहुतेकांना डोंगरापलीकडे नव्या हाल्फेतीत जागा मिळाली. ज्यांची उपजीविका काठच्या बागांवर होती, त्यांच्यापैकी काहींनी बोटी घेतल्या. त्या बोटींतून प्रवाशांना रुमकालेचा किल्ला आणि सावाशान या बुडालेल्या खेड्यातील मशिदीचा पाण्याबाहेर राहिलेला मिनार दाखवितात.

मधला वार असल्याने गर्दी नव्हती. बोटवाला पन्नाशीचा होता. त्याने बाईंना प्रथम ‘तेयझे’, म्हणजे मावशी, म्हणून हाक मारली. त्या शिक्षिका आहेत हे कळल्यावर ‘होजाम’. हा ‘होजा’ म्हणजे आपला ख्वाजा. तुर्कीत तो शिक्षकाचा अर्थ घेऊन नांदतो. दोघांना समान अशी कोणतीही भाषा नव्हती. पण फारसी-अरबीने दोन्ही भाषांच्या घरी ठेवून दिलेली काही भांडी होती. ‘शेहिर’ म्हणजे शहर, ‘दुक्कान’ म्हणजे दुकान, ‘हेसाप’ म्हणजे हिशेब. ‘तारिह’ म्हणजे तारीख, आणि इतिहासही.

रुमकाले युफ्रेटिस आणि मेर्झिमेन यांच्या संगमावरील कड्यावर उभा आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत येथे आर्मेनियन धर्मपीठ होते. १२९२ मध्ये मामलुकांनी किल्ला जिंकला आणि ते संपले. तत्पूर्वी तेराव्या शतकाच्या मध्यास येथील लेखनशाळेत तोरोस रोस्लिन हा चित्रकार पोथ्या सजवीत होता. त्याच्या पोथ्या आज येरेव्हान, जेरुसलेम, बाल्टिमोर येथील संग्रहांत आहेत. पोथी उचलून नेता येते. म्हणून ती मुलूख हरला तरी टिकते. बोटवाल्याने किल्ल्याकडे हात करून ‘हाराबे’ एवढेच म्हटले. हाराबे म्हणजे भग्नावशेष. ज्या अरबी धातूपासून हा शब्द आला, त्यापासूनच आपला ‘खराब’ आणि सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’. बाईंच्या वडिलांच्या जमिनीच्या कागदावर हा शब्द होता. मोबदल्याच्या वेळी त्यावरून घासाघीस झाल्याचे त्यांना आठवत होते. तुर्कीत जो शब्द प्रवाशांना बोलावितो, तोच मराठीत जमिनीची किंमत उतरवितो.

सावाशानला बोट मिनाराजवळ थांबली. पुढच्या बोटीतून ध्वनिवर्धकावर गाणे चालू होते आणि लोक पाठमोरे होऊन मिनारासह स्वतःची छायाचित्रे घेत होते. बाईंनी पर्समधून फोन काढला नाही. बोटवाल्याने ते पाहिले. मग त्याने मिनाराच्या डावीकडे, जेथे दाखविण्याजोगे काहीच नव्हते अशा पाण्याकडे बोट केले आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. ‘एव’ म्हणजे घर, एवढे तुर्की बाईंना येत होते.

त्यानंतर जे झाले, ते कोणत्याही भाषेत नीटपणे झाले नाही. बाईंनी स्वतःकडे हात केला, आणि “क्यॉय, सू” असे दोन शब्द उच्चारले. गाव, पाणी. तो प्रथम समजला नाही. मग त्याने विचारले, “बाराज?” धरण. बाईंनी मान हलविली. त्याने बोटे उघडून वर्षे विचारली. बाईंनी वहीत आकडा लिहून दाखविला. त्याने आपला २००० हा आकडा त्याखाली लिहिला. मग त्याने पुढचा प्रश्न हाताने चौकट करून विचारला: छायाचित्र आहे काय?

बाईंकडे गावाचे एकही छायाचित्र नव्हते. ज्या घरांत तेव्हा कॅमेरा असे, तसे ते घर नव्हते. क्षणभर थांबून त्यांनी फोन काढला आणि पळसदेवच्या मंदिराचे नाव घालून शोध केला. पडद्यावर छायाचित्रांची रांग उभी राहिली. शिखर, कोरडी भेगाळलेली जमीन, मावळता सूर्य, शिखरापुढे हात पसरून उभी असलेली अनोळखी तरुण माणसे. उन्हाळ्यात मोटारी घेऊन येणाऱ्या, रुळलेल्या वाटेबाहेरचे काही पाहू इच्छिणाऱ्या त्याच मंडळींनी ती काढलेली होती. बाईंनी त्यांतले एक मोठे करून त्याच्यापुढे धरले. त्याने ते बराच वेळ पाहिले. बोटाने शिखराला स्पर्श केला, मग मान वर करून मिनाराकडे पाहिले, आणि पुन्हा पडद्याकडे. आपले गाव दाखविण्यासाठी बाईंजवळ जो एकमेव पुरावा होता, तो त्यांना बाजूला व्हायला सांगणाऱ्यांनी गोळा केलेला होता.

“चेक, होजाम,” बोटवाला मिनाराकडे आणि त्याच्या डावीकडच्या रित्या पाण्याकडे हात करून म्हणाला. काढा. बाईंनी छायाचित्र काढले. चौकटीत मिनार उजव्या कडेला गेला आणि मधोमध पाणी राहिले.

काठावर परतल्यावर बाईंनी फेरीचे पैसे दिले; ते त्याने घेतले. चहाचे मात्र घेतले नाहीत. “मिसाफिर,” तो म्हणाला.

५

मराठीत मुसाफिर म्हणजे प्रवासी. अरबीतून आलेला हा शब्द तुर्कीत ‘मिसाफिर’ झाला आणि त्याचा अर्थ पाहुणा असा स्थिरावला. एका भाषेने चालणारा पाहिला, दुसरीने दारात आलेला पाहिला. हा अर्थभेद गोड आहे आणि त्यावर थांबणे सोपे आहे. पण २०११ पासून सीरियातील युद्धातून जीव वाचवून आलेल्या लक्षावधी निर्वासितांनाही तुर्की राज्यकर्त्यांनी ‘मिसाफिर’ म्हटले. २०१४ मध्ये त्यांच्यासाठी तात्पुरत्या संरक्षणाचा नियम झाला. निर्वासिताचा पूर्ण दर्जा मात्र त्यांना मिळाला नाही. सीमेपासून जवळ असलेल्या गाझिआन्तेपमध्ये बाई ज्या गल्लीत राहत, तेथील निम्म्या पाट्या अरबीत होत्या. पाहुणा या शब्दात चहाचे पैसे न घेण्याचा अर्थ आहे, तसाच पाहुण्याने एके दिवशी जावे हाही अर्थ आहे. कोणाला पाहुणा म्हणायचे, हे यजमान ठरवितो. आणि धरणाच्या काठी यजमान स्वतःच आपल्या गावात बोटीतून फिरत असतो.

येथे दीपकाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. प्रस्तुत कोणते, अप्रस्तुत कोणते? हाल्फेतीच्या बोटीत या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे म्हणता येणार नाही. परंतु प्रश्न एकट्या पाहणाऱ्याचा राहिला नाही. बोटवाल्याने उलट विचारले. त्याच्या दृष्टीने सावाशान प्रस्तुत होते, आणि भीमा हे दूरदेशीचे उपमान. त्याच्यासाठी बाईंचे गाव म्हणजे पडद्यावरील एका दगडी शिखराचे चित्र एवढेच होते. हे बाईंना खटकले नाही, यावर त्यांनी पुढे पुष्कळ विचार केला. तुलना अन्यायाची होते ती तुलना केल्यामुळे नव्हे. दुसऱ्या बाजूला तुलना करण्याची संधी न मिळाल्यामुळे होते, असे त्यांनी नंतर एका उजळणी वर्गात मांडले. सईदांच्या विवेचनाशी याचा विरोध नाही. पण त्यातून निघणारा वर्गातला नियम मात्र बदलतो. स्थळी राहणारा माणूस बोलतो की नाही, एवढेच पाहून भागत नाही. तो प्रवाशाला काही विचारतो काय, आणि प्रवासी त्याचे उत्तर देतो काय, हे पाहावे लागते.

दोन बुडणी सारखी नव्हेत, हेही तितकेच खरे. राज्य निराळे, नदीच्या काठचे थर निराळे, आणि धरणाने काय मिळाले याचे हिशेबही निराळे. उजनीच्या पाण्यावर ज्यांचा ऊस उभा राहिला त्यांत बाईंचे चुलतभाऊही होते. झूग्मा अलंकाराचा परिणाम पुष्कळदा विनोदी असतो, तो याच कारणाने: क्रियापद एक असते आणि जोडलेल्या गोष्टी एकमेकींजवळ नांदू शकत नाहीत. जोडणे म्हणजे एकरूप करणे नव्हे. पूल दोन काठांना एक करीत नाही. ते दोन आहेत म्हणूनच तो असतो.

बाई परतल्यानंतर चार महिन्यांच्या आत, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्या प्रदेशात दोन प्रचंड भूकंप झाले. तुर्कस्तानात ५३ हजारांहून अधिक माणसे मेली. आदियामान उद्ध्वस्त झाले. गाझिआन्तेपच्या किल्ल्याचे काही भाग कोसळले. बाईंनी बोटवाल्याचे नाव विचारलेले नव्हते. त्याने त्यांचे विचारले नव्हते. पुढचे कित्येक आठवडे त्या रात्री जेवण झाल्यावर हाल्फेतीची नवी छायाचित्रे शोधीत बसत. ती काढणारे सर्व पर्यटक होते. पुढे उन्हाळ्यातली चित्रे येऊ लागली. त्यांत मिनार होता, पाणी होते, बोटीही होत्या. सुकाणूपाशी बसलेली माणसे पाठमोरी किंवा चौकटीच्या कडेला अर्धवट कापलेली असत. कोणीतरी आपले हास्य नीट यावे म्हणून त्यांना कडेला सारले होते, आणि तरीही ती थोडी उरली होती. बाई तो उरलेला भाग मोठा करून पाहत. त्यांना तो दिसला नाही. तो नव्हता, असेही त्यांवरून ठरत नव्हते.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पातळीत फार खाली गेला आणि पळसदेवचे मंदिर बरेचसे उघडे पडले. बाई दोन जुन्या विद्यार्थ्यांबरोबर तेथे गेल्या. चालत शिखरापर्यंत जाता येत होते. एक टपरी लागलेली होती, आणि गर्दी होती. मंदिराच्या डावीकडे काहीच नव्हते. त्या दिशेने गाव. बाई तिकडे तोंड करून उभ्या असताना मागून एका मुलीने हाक मारली, “काकू, जरा बाजूला होता का?”

बाई बाजूला झाल्या. मात्र पूर्वीसारख्या चौकटीच्या पूर्ण बाहेर गेल्या नाहीत.